क्रॅश आणि त्याची ‘व्हीटॉप’: कर्नल डम्पमधल्या फिजिकल ॲड्रेसवर किती विसंबायचं?

लिनक्स कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) कोसळला, केडम्प या यंत्रणेने त्या क्षणीची मेमरी व्हीएमकोअर नावाच्या फाईलमध्ये, म्हणजे डम्पमध्ये, लिहून ठेवली. आता बिघडलेला पॉइंटर (मेमरीतला पत्ता धरून ठेवणारी किंमत) रॅमच्या नेमक्या कोणत्या बाइटमध्ये बसला होता ते शोधायचंय. यासाठी बहुतेक ठिकाणी क्रॅश हेच टूल उघडलं जातं. फुकट आहे, जीपीएल लायसन्सचं आहे, रेड हॅट, सुसे, डेबियन, उबुंटू सगळ्यांच्या रिपॉझिटरीत आहे. मूळ कल्पना जुन्या सिस्टिम फाइव्ह युनिक्समधल्या क्रॅश कमांडची आणि पोटात जीडीबी हा डीबगर. टूल मोठं आहे, पण इथे तपासणी एकाच अंगाची: डम्पमधून ‘व्हीटॉप’ कमांडने फिजिकल ॲड्रेस (रॅममधला खरा पत्ता) काढणं, तो वाचणं आणि तो खरा आहे की नाही हे ठरवणं.

थोडक्यात मत: पत्ता काढण्यात क्रॅश पक्कं आहे, पण काढलेल्या पत्त्याबद्दल बोलायला फार कंजूष आहे. पत्त्यामागचं पेज (मेमरीचा ठरावीक आकाराचा तुकडा) डम्पमध्ये आहे की गाळलंय, हे ते विचारल्याशिवाय सांगत नाही. नव्या माणसाचे तास जातात ते इथेच.

व्हर्च्युअल ॲड्रेस, म्हणजे कोडला दिसणारा पत्ता, समोर असताना फिजिकलचा खटाटोप कशाला, असं कोणी विचारेल. एकाच मशीनचे तीन डम्प हातात असले की उत्तर मिळतं. केएएसएलआर (कर्नलच्या जागा मुद्दाम सरकवणारी सुरक्षेची सोय) चालू असेल तर प्रत्येक बूटला कर्नलचं टेक्स्ट, म्हणजे कोड, वेगळ्या जागी बसतं, आणि कर्नल ४.८ पासून डायरेक्ट मॅप (सगळ्या रॅमचं सरळ मॅपिंग) आणि व्हीमॅलॉक (विखुरलेली पेजं सलग दाखवणारा भाग) यांची सुरुवातही सरकते. तीन डम्पांतले व्हर्च्युअल ॲड्रेस एकमेकांशी ताडून काही निघत नाही. फिजिकल मात्र ताडता येतात. तिन्ही वेळा बिघाड त्याच ४ केबीच्या पेजवर आणि त्याच बिटात असेल, तर कोडपेक्षा रॅमवर, फर्मवेअरवर किंवा एखाद्या उपकरणाच्या डीएमएवर (प्रोसेसरला वगळून थेट मेमरीत लिहिण्यावर) संशय घ्यायचा. हार्डवेअर एररच्या लॉगमध्येही मेमरी कंट्रोलर जो पत्ता देतो तो फिजिकलच. दोन्ही एका पट्टीवर आणल्याशिवाय तुलना होत नाही.

आधी बसवणीचं, लवकर उरकू. क्रॅशला दोन फायली लागतात: डीबग माहितीसकटचा व्हीएमलिनक्स (कर्नलची न दाबलेली फाईल) आणि व्हीएमकोअर. व्हीएमलिनक्स अगदी त्याच बिल्डचा हवा. शेवटच्या आकड्यात फरक असला तरी दोन्ही जुळत नाहीत असा संदेश देऊन टूल बाहेर पडतं. डम्प कोणत्या कर्नलचा हे माहीत नसेल तर ‘क्रॅश --ओएसरिलीज’ला नुसती डम्पची फाईल द्या, आवृत्ती छापून मिळते. कर्नलची डीबग माहिती वेगळ्या पॅकेजात येते. रेड हॅटकडे त्याचं नाव कर्नल-डीबगइन्फो, उबुंटूकडे नावाच्या शेवटी डीबीजीसिम. आवृत्ती ८.०.० किंवा पुढचीच घ्या. २०२१ मध्ये आलेल्या या आवृत्तीने आतलं जीडीबी ७.६ वरून १०.२ वर नेलं, आणि नव्या कंपायलरची डीबग माहिती जुन्याला नीट पचत नाही. झेडस्टँडर्ड या पद्धतीने दाबलेला (कॉम्प्रेस केलेला) डम्प असेल तर क्रॅशही त्या सोयीसह बांधलेलं लागतं. एलझेडओ आणि स्नॅपीचंही तेच.

आता व्हीटॉप, म्हणजे व्हर्च्युअल ॲड्रेसवरून फिजिकल काढणारी कमांड, जवळून पाहू. (इथून पुढचे सगळे पत्ते हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावर आणि ए ते एफ अक्षरांसह, आहेत. उदाहरणं मुद्दाम अशी घेतली आहेत की बहुतेक ठिकाणी अक्षर येत नाही. पण कमांड देताना ज्या पत्त्यात एकही अक्षर नाही त्याच्या आधी शून्य-एक्स लावायची सवय ठेवा. २७९४६ हा पेज-क्रमांक दशमान समजून वाचला गेला तर भलतंच पेज उघडतं, आणि चूक कळायला वेळ लागतो.)

व्हीमॅलॉकमधला, शेवटचे तीन अंक ४०८ असलेला एक ॲड्रेस व्हीटॉपला दिला असं धरा. वरच्या ओळीत व्हर्च्युअल आणि फिजिकल शेजारी-शेजारी येतात. खाली पेज टेबलाची (व्हर्च्युअलवरून फिजिकल सांगणाऱ्या कोष्टकाची) पीजीडी, पीयूडी, पीएमडी, पीटीई अशी एकेक पायरी आणि शेवटी पेज. त्याखालची ही ओळ कामाची:

८०००००००२७९४६१६३   २७९४६०००   (प्रेझेंट|आरडब्ल्यू|ॲक्सेस्ड|डर्टी|ग्लोबल|एनएक्स)

डावीकडचा सोळा अंकी आकडा म्हणजे पेज टेबलमधली नोंद जशीच्या तशी. उजवीकडचे तीन अंक, १६३, हे झेंडे. १ म्हणजे ग्लोबल, ६ म्हणजे डर्टी आणि ॲक्सेस्ड मिळून, ३ म्हणजे प्रेझेंट आणि लिहिण्याची मुभा. डावीकडचा ८ म्हणजे सर्वांत वरचा, ६३वा बिट: या पेजवरून कोड चालवायला मनाई. हे दोन्ही काढून मध्ये उरतं ते २७९४६, हा पेजचा क्रमांक. त्याला तीन शून्यं जोडली की पेजचा फिजिकल ॲड्रेस २७९४६०००, आणि मूळ ॲड्रेसचे शेवटचे तीन अंक बसवले की नेमका बाइट: २७९४६४०८. मेल्टडाउन या प्रोसेसरमधल्या दोषावरचा उपाय लागू असलेल्या मशीनवर १६३ च्या जागी ०६३ दिसेल. ग्लोबल बिट काढून घेतलेला असतो, त्यात बिघाड नाही.

हा हिशोब एकदा तरी हाताने करावा. व्हीटॉप बरोबरच सांगतं, पण खराब झालेल्या पेज टेबलकडे पाहताना झेंड्यांत अशक्य जोडी दिसली तर ती ओळखता आली पाहिजे. २ एमबीचं मोठं पेज असेल तर उतरण पीएमडीवरच थांबते आणि पेजच्या ओळीत कंसात २ एमबी असं येतं. तिथे खालचे १२ नव्हे, २१ बिट मूळ ॲड्रेसमधून घ्यायचे. हाताने हिशोब करणाऱ्यांची सर्वांत जास्त चूक होते ती या ठिकाणी: तीन अंक जोडून मोकळे होतात आणि त्याच २ एमबीच्या आतल्या चुकीच्या ४ केबीत जाऊन बसतात.

आणखी एक बारकावा. प्रेझेंट बिट नसलेल्या नोंदीत २०१८ पासून, एल१टीएफ या प्रोसेसरमधल्या दोषावरच्या उपायामुळे, कर्नल पत्त्याचे बिट उलटवून ठेवतो. कोणतीच मुभा नसलेलं मॅपिंग किंवा स्वॅपची (डिस्कवर हलवलेल्या पेजची) नोंद जशीच्या तशी वाचलीत तर रॅमच्या कितीतरी पलीकडचा पत्ता निघेल. ते करप्शन समजून अहवालात लिहू नका.

व्हीटॉप सगळ्या ॲड्रेसना एकाच रीतीने वागवत नाही, आणि मॅन्युअलमध्ये हे पुरेसं ठळक नाही. एक्स८६-६४ वर (इंटेल-एएमडीच्या ६४ बिट प्रोसेसरांवर) तीन रस्ते आहेत. डायरेक्ट मॅपमधल्या ॲड्रेससाठी नुसती वजाबाकी: केएएसएलआर नसेल तर चार एफ, मग ८८८ आणि पुढे नऊ शून्यं हा पाया वजा केला की फिजिकल मिळतो. ४.२० आधीच्या कर्नलमध्ये हा पाया चार एफ, ८८ आणि दहा शून्यं असा होता. केएएसएलआर असेल तर पाया डम्पमधूनच शोधला जातो. कर्नलच्या टेक्स्ट आणि डेटासाठी दुसरी वजाबाकी: आठ एफ आणि ८००००००० हा पाया काढायचा आणि फिजबेस (कर्नल फिजिकल मेमरीत किती सरकला आहे तो आकडा) मिळवायचा. काहीही न सरकवलेल्या कर्नलचं टेक्स्ट आठ एफ आणि ८१००००००वर सुरू होतं, म्हणून त्याचा फिजिकल १००००००, म्हणजे १६ एमबी. व्हीमॅलॉक, मॉड्यूल, आयओरीमॅप (उपकरणांच्या जागेचं मॅपिंग) यांना मात्र खरोखर पेज टेबल उतरावं लागतं.

याचा व्यवहारातला परिणाम असा. डायरेक्ट मॅपमधली मेमरी आरडी कमांडने वाचताना क्रॅश पेज टेबलाकडे बघतच नाही, वजाबाकी करून थेट वाचतं. त्यामुळे मोकळी झालेली पेजं मॅपिंगमधून काढून टाकणारा पेज-ॲलॉक डीबग चालू असलेल्या कर्नलचा डम्प असेल, तर ज्या ॲड्रेसला हात लावल्यामुळे कर्नल पडला तोच ॲड्रेस क्रॅशमध्ये निमूट वाचला जातो. पडलं कशामुळे हे आरडीवरून कळणार नाही. तोच ॲड्रेस व्हीटॉपला द्या, ते खालच्या भागात टेबल उतरून दाखवतं आणि तिथे नोंद हजर नसल्याचं दिसतं. वरची ओळ गणिताची, खालची मशीनची. दोघींचं जुळत नसेल तर खालचीवर विश्वास ठेवा.

डम्प उघडल्यावर दोन मिनिटांची एक चाचणी आधी करून टाकावी. ‘हेल्प -एम’मध्ये फिजबेस आणि पेज-ऑफसेटचे आकडे बघा. मग ‘व्हीटॉप लिनक्स_बॅनर’ द्या, मिळालेला फिजिकल ॲड्रेस ‘आरडी -पी -ए’ला द्या. ‘लिनक्स व्हर्जन’ने सुरू होणारी ओळ अक्षरांत आली तर टेक्स्टकडचं भाषांतर ठीक आहे. केडम्पच्या डम्पमध्ये हे आकडे व्हीएमकोअरइन्फो नावाच्या नोंदीत कर्नल स्वतः लिहून ठेवतो, म्हणून ही चाचणी सहसा पास होते. हायपरवायझरने किंवा बूटलोडरने घेतलेल्या कच्च्या डम्पात ती नोंद हाती लागतेच असं नाही, आणि मग ‘-एम फिजबेस=’ आणि ‘--केएएसएलआर=’ हे दोन्ही हाताने भरावे लागतात.

आता मुख्य तक्रार.

व्हीटॉपने फिजिकल ॲड्रेस दिला म्हणजे ते पेज डम्पमध्ये आहे, असं धरून चालता येत नाही. मेकडम्पफाईल हे डम्प लिहिणारं टूल तो लहान करण्यासाठी पेजं गाळतं. ‘-डी’चा आकडा ही बेरीज असते: १ शून्यांनी भरलेली पेजं, २ साधी कॅशे, ४ प्रायव्हेट कॅशे, ८ युजर प्रोसेसची पेजं, १६ मोकळी पेजं. रेड हॅटच्या मूळ सेटिंगमध्ये ३१, म्हणजे सगळंच गाळलेलं. पेज टेबलं मात्र कर्नलचा डेटा असल्याने शाबूत राहतात. परिणामी युजर प्रोसेसच्या ॲड्रेसवर व्हीटॉप ऐटीत फिजिकल छापतं, झेंडे छापतं, पेजची ओळही छापतं, आणि पुढच्याच आरडीला ‘पेज एक्सक्लूडेड’ असं उत्तर मिळतं. व्हीटॉपच्या ओळीत ‘हे डम्पात नाही’ एवढे शब्द आले असते तर काय बिघडलं असतं? माहिती तर टूलकडे आहेच. दाबलेल्या केडम्प फॉरमॅटमध्ये दोन बिटमॅप असतात: कोणती पेजं मशीनमध्ये होती आणि कोणती फाईलमध्ये लिहिली. पेज-क्रमांकाचा बिट दुसऱ्या बिटमॅपमध्ये पाहिला की निकाल लागतो.

तोवर उपाय असा: प्रत्येक व्हीटॉपनंतर त्याच फिजिकलवर ‘आरडी -पी’ एक शब्द वाचून बघा. आणि नकाराचे प्रकार वेगळे ओळखा. ‘पेज एक्सक्लूडेड’ म्हणजे मेकडम्पफाईलने मुद्दाम गाळलं, मूळ मशीनमध्ये ते होतं. ‘सीक एरर’ म्हणजे असा फिजिकल ॲड्रेस या फाईलच्या हिशोबातच नाही: उपकरणाची जागा असेल, क्रॅश कर्नलसाठी (पहिला पडल्यावर डम्प घेणाऱ्या दुसऱ्या कर्नलसाठी) राखलेला भाग असेल (तो स्वतःच्याच डम्पात येत नाही), किंवा भाषांतरच चुकलं असेल. डम्प लिहिताना डिस्क भरली असेल तर उघडतानाच फाईल अपुरी असल्याची सूचना येते. ती वाचून पुढे गेलात आणि नंतर विसरलात तर दिवसभर नसलेल्या पेजांमागे धावाल. शून्यांची पेजं त्रास देत नाहीत. दाबलेल्या फॉरमॅटमध्ये ती सगळी एकाच सामायिक शून्य-पेजाकडे वळवलेली असतात, त्यामुळे वाचता येतात.

सर्वांत घातक प्रकार वेगळाच आहे: कर्नल नवा आणि मेकडम्पफाईल जुनं. पेज कोणत्या प्रकारचं हे ठरवायला मेकडम्पफाईल कर्नलच्या आतल्या रचना वाचतं, आणि त्या बदलल्या की हवी असलेली पेजंही गाळली जाऊ शकतात. डम्प घेताना ‘ही कर्नल आवृत्ती सपोर्टेड नाही, काम अपुरं राहू शकतं’ अशा अर्थाची ओळ येते. ती दुसऱ्या कर्नलच्या कन्सोलवर येऊन जाते आणि कोणी पाहत नाही. फिजिकल ॲड्रेसच्या शोधासाठी डम्प घ्यायचाच असेल तर ‘-डी १’ किंवा फार तर ‘-डी १७’ ठेवा, जागेची सोय करा आणि दाबण्यासाठी एलझेडओ वापरा. रॅम मोठी असेल तर फाईल मोठी होईल, पण ‘-डी ३१’च्या डम्पात युजर पेजचा बिघाड शोधणं म्हणजे आडात नाही ते पोहऱ्यात शोधणं.

उलट दिशेचा प्रवास, म्हणजे फिजिकल हातात आणि तिथे काय होतं ते शोधायचंय, यासाठी केमेम ही कमांड. ‘केमेम -पी’ प्रत्येक पेजच्या रचनेची ओळ देतं: फिजिकल, मॅपिंग, इंडेक्स, संदर्भांची संख्या, झेंडे. केमेमला नुसता फिजिकल ॲड्रेसही देता येतो. घोटाळा नको म्हणून आधी मोठा ‘-पी’ लावला की हा फिजिकलच आहे असं ठामपणे सांगता येतं. (लहान आणि मोठा पी इथे वेगवेगळे पर्याय आहेत, आणि देवनागरीत ते दिसत नाही. मोठा म्हणजे शिफ्ट दाबून.) ॲड्रेस स्लॅबमधला (कर्नलच्या लहान ऑब्जेक्टांच्या साठ्यातला) असेल तर कॅशेचं नाव आणि आतला ऑब्जेक्ट छापला जातो. चौकटी कंसात असलेला ऑब्जेक्ट वापरात आहे, बिनकंसाचा मोकळा. हा एक बारीक कंस कितीतरी वेळा ‘मोकळा केल्यावर वापरला’चा पुरावा ठरतो. क्रॅशचा हा भाग मनापासून आवडण्यासारखा आहे.

पीटीओव्ही या कमांडबद्दल मात्र सावध राहा. फिजिकल दिला की ते डायरेक्ट मॅपमधला व्हर्च्युअल देतं, बस. त्याच पेजवर व्हीमॅलॉकचं किंवा एखाद्या प्रोसेसचंही मॅपिंग आहे का, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. विनडीबीजी या विंडोजच्या डीबगरची सवय असलेला माणूस इथे हमखास फसतो, कारण तिकडे याच नावाची कमांड एका प्रोसेसचा फिजिकल ते व्हर्च्युअल असा पूर्ण नकाशा काढते. लिनक्सवर तो नकाशा हवा असेल तर ‘फॉरईच यूजर व्हीएम -पी’ चालवून निकाल ग्रेप या शोधणाऱ्या कमांडला जोडायचा आणि २७९४६००० शोधायचं. चालतं, पण हजारभर प्रोसेस असतील तर चहा पिऊन या. क्रॅश स्वतः पाइप आणि फाईलमध्ये वळवणं दोन्ही जाणतं, त्यामुळे एकदाच फाईलमध्ये काढून मग त्यात हवं तितकं शोधा.

युजर ॲड्रेसवर व्हीटॉप वापरताना संदर्भ कोणाचा हे तपासा. डम्प उघडल्यावर संदर्भ पॅनिक झालेल्या टास्कचा असतो. दुसऱ्या प्रोसेसचा ॲड्रेस दिलात तर व्हीटॉप पॅनिक टास्कच्या टेबलातून उतरतं आणि कदाचित तिथेही काहीतरी सापडतं, कारण युजर ॲड्रेस सगळ्यांचे सारखेच असतात. ‘-सी’ लावून पीआयडी द्या. पेज स्वॅपमध्ये असेल तर फिजिकलऐवजी स्वॅपचं उपकरण आणि ऑफसेट येतो, हे छान केलंय.

आयओरीमॅप केलेल्या ॲड्रेसवर झेंड्यांत पीसीडी (या पेजसाठी कॅशे बंद) दिसला आणि खाली पेजची ओळ आलीच नाही, तर तो उपकरणाच्या रजिस्टरचा पत्ता आहे. वाचायचा प्रयत्न व्यर्थ, डम्पात तो येत नाही. संबंधित व्हीएम-स्ट्रक्टमधला फिज-ॲडर हा रकाना पाहून मशीनच्या पीसीआय यादीशी जुळवा, उपकरण सापडतं.

एएमडीच्या मशीनवर मेमरी एन्क्रिप्शन, म्हणजे एसएमई, चालू असेल तर पेज टेबलच्या नोंदीत एक वरचा बिट ‘हे पेज एन्क्रिप्टेड आहे’ एवढंच सांगायला लावलेला असतो. अनेक प्रोसेसरांत तो ४७वा. तो काढून टाकायचा असतो. कर्नल त्याचा मास्क व्हीएमकोअरइन्फोमध्ये देतो, नवं क्रॅश तो वापरतं. जुनं क्रॅश किंवा घाईत लिहिलेली स्क्रिप्ट तो काढत नाही, आणि २७९४६००० ऐवजी ८०००२७९४६००० छापते. हा पत्ता १२८ टीबीच्या वरचा. असला आकडा दिसला की आधी टूलची आवृत्ती बघा, मग रॅमला दोष द्या.

मात्र ‘बसवलेल्या रॅमपेक्षा मोठा पत्ता म्हणजे चूक’ असाही नियम करू नका. एक्स८६ वर ४ जीबीच्या खालचा काही भाग पीसीआय उपकरणांसाठी राखलेला असतो आणि तेवढी रॅम ४ जीबीच्या वर सरकवलेली असते. ८ जीबीच्या मशीनवर ८ जीबीच्या थोडा वरचा फिजिकल ॲड्रेस अगदी कायदेशीर आहे. ‘मॅक -एम’ने फर्मवेअरचा नकाशा छापून पाहा, वाद मिटतो.

एआरएम६४ वर गणित बदलतं. रॅम शून्यापासून सुरू होत नाही: क्यूईएमयू या एम्युलेटरच्या ‘व्हर्ट’ मशीनवर ४०००००००, बऱ्याच बोर्डांवर ८००००००० पासून. डायरेक्ट मॅपसाठी पाया वजा करून ही सुरुवात मिळवायची, कर्नल इमेजसाठी किमेज-व्हीऑफसेट वजा करायचा. पेज ४, १६ किंवा ६४ केबीचं असू शकतं, म्हणून ‘शेवटचे तीन अंक’ हा एक्स८६चा ठोकताळा इथे नेऊ नका. मोबाईल चिपवरून काढलेला कच्चा रॅम डम्प क्रॅशला ‘फाईल@पत्ता’ अशा रूपात देता येतो, जसं डीडीआर०.बिन@८०००००००. अनेक बँका असतील तर स्वल्पविराम देऊन सगळ्या. यातला पत्ता चुकला तर फाईल उघडणारच नाही, पण दोन बँकांची अदलाबदल झाली तर अर्धवट उघडते आणि काही रचना खऱ्या, काही कचरा दिसतात. एम्बेडेड काम करणाऱ्यांसाठी ही एक सोयच क्रॅश ठेवायला पुरेशी आहे.

व्हर्च्युअल मशीनच्या डम्पात ‘फिजिकल’ म्हणजे पाहुण्याचा, त्या व्हर्च्युअल मशीनचा, फिजिकल. यजमानाच्या (खऱ्या मशीनच्या) रॅमशी त्याचा थेट संबंध नाही, आणि क्रॅशमध्ये ते कुठे लिहिलेलं नसतं. क्लाउडवरच्या मशीनचा डम्प घेऊन ‘२७९४६००० खराब आहे, डिम (रॅमची पट्टी) बदला’ अशी तक्रार टाकली तर पलीकडचा माणूस हसेल. तसंच ड्रायव्हरच्या रिंगमध्ये सापडलेला डीएमए ॲड्रेस. आयओएमएमयू (उपकरणांच्या पत्त्यांचं भाषांतर करणारा भाग) चालू असेल तर तो उपकरणापुरता पत्ता असतो, फिजिकल नव्हे, आणि क्रॅशमध्ये त्याचं भाषांतर करणारी तयार कमांड नाही. ही उणीव डीएमए बिघाडाच्या तपासात ठळक जाणवते.

पर्याय म्हणून ड्रॅगन हा डीबगर, ज्याचं स्पेलिंग स्वर गाळून लिहितात, त्याकडे नक्की बघा. पायथनमध्ये लिहायचं, कर्नलच्या रचना पायथनच्या ऑब्जेक्टसारख्या हाताळायच्या. डायरेक्ट मॅपसाठी ‘व्हर्ट-टू-फिज’ आणि पेज टेबल उतरणारं ‘फॉलो-फिज’ अशी दोन वेगळी फंक्शनं आहेत, त्यामुळे वर सांगितलेला गणित विरुद्ध टेबल हा गोंधळ नावातच सुटतो. फिजिकल वाचायला रीडला एक जास्तीचा पर्याय दिला की झालं. हजार ॲड्रेस तपासून तक्ता काढायचा असेल तर क्रॅशपेक्षा ड्रॅगन कितीतरी सुटसुटीत, आणि प्रत्येक वाचन जमलं की नाही हे एक्सेप्शन पकडून तुम्हीच नोंदवू शकता. दाबलेल्या केडम्पसाठी त्याला लिबकेडम्पफाईलची जोड लागते, बांधताना ती आहे ना ते बघा. पण रात्री दोन वाजता एकच डम्प, एकच पॉइंटर आणि ‘हा स्लॅबमध्ये होता का’ एवढाच प्रश्न असेल तेव्हा केमेमची एक ओळ पायथनच्या पंधरा ओळींना भारी पडते. दोन्ही बसवून ठेवा.

पत्ता पक्का झाल्यावर पुढे काय, याबद्दल क्रॅश गप्प आहे. ‘केमेम -एन’ नूमा नोड (प्रोसेसर आणि त्याच्या जवळची मेमरी यांचे गट) आणि त्यांच्या फिजिकल सुरुवाती दाखवतं, तेवढ्याने सॉकेटचा अंदाज येतो. पण चॅनेलमध्ये पत्ते आलटूनपालटून वाटलेले असल्याने कोणता डिम हे नुसत्या आकड्यावरून काढता येत नाही. त्यासाठी ईडॅकच्या (कर्नलच्या मेमरी-एरर नोंदवणाऱ्या भागाच्या) नोंदी किंवा सर्व्हरच्या व्यवस्थापन कार्डाचा लॉग पाहा, आणि पत्ता तिथल्या पत्त्याशी ताडा. पार्ट येईपर्यंत ते पेज वापरातून काढायचं असेल तर कर्नलच्या बूट ओळीत मेममॅप=४के, डॉलर आणि शून्य-एक्स लावलेला २७९४६००० असं जोडतात. ग्रब या बूटलोडरच्या फायलीत डॉलरला विशेष अर्थ आहे. त्याच्या आधी उलट्या तिरक्या रेघा नीट दिल्या नाहीत तर डॉलर गिळला जातो, कर्नलला ‘एकूण मेमरी ४ केबी’सारखं काहीतरी ऐकू येतं आणि मशीन उठत नाही. म्हणून आधी बूट मेन्यूत हाताने लिहून एकदा चालवून पाहा, मग फाईलमध्ये घाला. मशीन वर आल्यावर /प्रॉक/सीएमडीलाइनमध्ये डॉलर शाबूत आहे का बघा, आणि रूट म्हणून /प्रॉक/आयओमेम उघडा (साध्या युजरला तिथे सगळे पत्ते शून्यच दिसतात). २७९४६०००च्या ओळीपुढे ‘रिझर्व्हड’ आलं पाहिजे.